झेरॉक्स-खोली, तळमजला

हिबाक नावाची मुलगी, दुसऱ्या वर्षाची,
काल विचारत आली, अंकल,
इथली चळवळ कधी सुरू झाली?
मी म्हटलं, थांब, टोनर बदलतो.

शारजात सव्वीस वर्षं, याच खोलीत.
चळवळ हा शब्द कुणी वापरला नव्हता,
वापरायची सोयही नव्हती.
माझ्यापुरती ती एका कागदाने सुरू झाली.
इंजिनिअरिंगचा इद्रिस, गाव कसाला,
दारातून मान वाकवून आत यायचा.
म्हणाला, चाळीस प्रती, दोन्ही बाजूंनी.
एका बाजूला वसतिगृहाची यादी:
समुद्राच्या वाऱ्याकडे कोणत्या देशाची मुलं,
जनरेटरकडे कोणत्या.
दुसरी बाजू कोरी.
कोरी बाजू कशाला छापतोस रे?
म्हणाला, उत्तरासाठी.

उत्तर आलं नाही. इद्रिसला बोलावणं आलं.
पुढच्या सत्रात त्याच्या खुर्चीवर
कुणी दुसराच कुरकुरत होता.

मग शम्सा. इथलीच, पासपोर्ट इथला,
पणजी लामूच्या बंदरातून आलेली
आणि ती कशी आली हे घरात न बोललेलं.
तिने शब्दांची यादी आणली.
या आवारात ऐकलेले. तारीख, जागा,
बोलणाऱ्याचं नाव नाही.
साठ प्रती, म्हणाली, आणि माझ्याकडे बघितलंही नाही.
अरबी, उर्दू, मल्याळम, इंग्रजी.
सतराव्या ओळीवर मी अडखळलो.
अक्षरं अरबी, शब्द ओळखीचा.
काळ्या.
अरबीत ळ नाही, म्हणून जरा मऊ झालेला.
जागा: झेरॉक्स-खोलीबाहेर.
इद्रिस जाताना मी फोनवर कुणाला तरी
हसत म्हणालो होतो.
मशीनचा दिवा साठ वेळा
त्या शब्दाखालून सरकत गेला.

पाण्याचं तू ऐकलं असशील.
लायब्ररीबाहेरच्या कूलरवर पत्र्याची पाटी होती,
फक्त विद्यार्थी व शिक्षक.
माळी, झाडूवाले मागच्या टाकीच्या नळावर.
जुलैत त्या पाण्यात चहापत्ती टाकायची तेवढी बाकी.
घोषणांना बंदी, फलकांना बंदी, जमावाला बंदी.
तहानेला मात्र नियम लिहायचं राहून गेलं होतं.
एका गुरुवारी तास सुटले आणि मुलं
गुपचूप मागे जाऊन उभी राहिली,
माळ्यांच्या रांगेत, माळ्यांच्या मागे.
शंभर तरी. हात रिकामे.
निजामाबादचा यल्लय्या इतका गोंधळला की
त्याने आपला मग तीनदा विसळला
आणि कोट्टायमच्या जिशापुढे धरला.
तिची जीभ पोळली. ती हसली.
मग तोच मग पुढे, पुढे, पुढे.

मी खिडकीत.
माझं गाव महाडपासून सात मैल.
तळ्याची गोष्ट शाळेत धडा म्हणून वाचली, उत्तरं लिहिली,
दहापैकी नऊ,
आणि त्याच संध्याकाळी अंगणात
सोनू म्हाताऱ्याच्या ओंजळीत वरून पाणी ओतलं.
धार सरळ पडावी, शिंतोडा उडू नये,
आईने हात धरून शिकवलं होतं.
हाताला अजून येतं ते.

माझी खोली तळमजल्यावर.
बाहेर जायला एकही पायरी नव्हती.
तरी गेलो नाही.

पाटी ईदच्या सुट्टीत निघाली. कुणी काढली, कळलं नाही.
स्क्रूची चार भोकं लांबीने बुजवलीत,
दुपारी तीनच्या उन्हात दिसतात, बघून घे.

हिबाकला तारखा हव्या होत्या.
तारखा माझ्याकडे नव्हत्या. बिघडलेल्या प्रती होत्या,
कडेला काळी रेघ आलेल्या, खोक्यात जपलेल्या.
शम्साची यादी तिने उभ्यानेच वाचली,
सतराव्या ओळीवर बोट ठेवलं.
ही कुठली भाषा, अंकल?
माझी, म्हटलं.
तिने वही उघडली, स्पेलिंग विचारलं.
ळ साठी तिच्याकडेही अक्षर नव्हतं.